हळूकाकांची दारू

मुलगी हुशार निघाली की घरात तिला कौतुकानं शहाणी म्हणतात, आणि मग तेच नाव चिकटतं. ही शहाणी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. गणितापासून इतिहासापर्यंत तिचं कुठंच अडलं नव्हतं. अडलं ते एका वहीपाशी.

'समाज आणि आपण' नावाचा नवा विषय सक्तीचा झाला होता. दर पंधरा दिवसांनी एखादं पुस्तक वाचायचं नाहीतर चित्रपट बघायचा, सगळे दुःखाचे, आणि वहीत दोन पानं वैयक्तिक प्रतिक्रिया लिहायची. वहीच्या पहिल्याच पानावर नियम छापले होते. सारांश नको. मनापासून लिहा. आणि शेवटचा, जाड अक्षरात: रचलेली प्रतिक्रिया ही नक्कल समजली जाईल व वर्ष रद्द होईल.

पहिला चित्रपट एका एकट्या म्हाताऱ्याचा होता. शहाणीनं मनापासून लिहिलं, 'चित्रपट फार लांबला. म्हातारा चिडका आहे, मुलगा त्याला कंटाळला यात नवल नाही.' दहापैकी तीन. खाली मॅडमचा लाल शेरा: 'यात तू कुठे आहेस?' ती तिसऱ्या रांगेत होती, पंख्याखाली. पण असल्या उत्तराला गुण मिळत नाहीत.

शेजारच्या मैत्रिणीला नऊ मिळाले होते.

"अगं वेडे, घरातलं काहीतरी घालायचं," मैत्रीण म्हणाली. "मी आजीला मारलं."

"तुझी आजी गेली?"

"छे! ठणठणीत आहे. काल पत्त्यांत मला हरवलं तिनं."

शहाणीनं आपल्या घराकडे बघितलं, तर दुःखाच्या बाबतीत घर अगदीच कंगाल. बाबा कॉलेजच्याच संस्थेच्या प्राथमिक शाळेची बस चालवायचे. इतकी सांभाळून, की पोरं त्यांना हळूकाका म्हणायची आणि मागचे गाडीवाले आणखी काय काय म्हणायचे. एकोणीस वर्षांत बसला ओरखडा नाही. नाकासमोर चालणारा माणूस, सुपारीचंही व्यसन नाही. आई घरी शिवणकाम करायची आणि मशीन बंद असलं की बडबडायची. अशा घरात जन्मून मुलीनं लिहायचं तरी काय?

पुढचं पुस्तक आलं ते एका दारुड्याच्या संसाराचं. शहाणीनं ते संपवलं आणि पेन चावत इकडेतिकडे पाहिलं. बाबा दाढ दुखते म्हणून गालात लवंग धरून बसले होते. दिवसभर स्टिअरिंग धरून संध्याकाळी त्यांचे हात थरथरायचे, कपातला चहा बशीत सांडायचा. आईच्या कपाळावर कपाटाचं दार लागल्याची खोक होती. शहाणीनं हे सगळं जसंच्या तसं उचललं, फक्त कारणं बदलली. 'बाबा गाडी लावून आले की पितात. वास लपवायला लवंग चघळतात. आई कपाळावर केस ओढून घेते.'

दहापैकी दहा. मॅडमनी ते पान वर्गात वाचून दाखवलं आणि शेवटच्या ओळीला चष्मा काढून पुसला. शहाणीला लाज वाटली नाही, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. तिला फार छान वाटलं. त्यानंतर बायकोला मारणाऱ्यांवरचा चित्रपट आला, तेव्हा तिला विचार करावाच लागला नाही. बाबांनी त्या एका सहामाहीत आईला तीनदा मारलं, एकदा घराबाहेर काढलं, आणि प्रत्येक वेळी दहापैकी दहा मिळवून दिले.

मॅडम मनानं चांगल्या होत्या, हीच पंचाईत. वाईट मॅडमनी वही तपासून कपाटात टाकली असती. ह्यांना झोप लागेना. नुसतं बघत बसू नये असं त्याच तर वर्गात शिकवत होत्या. आणि हा माणूस रोज चाळीस पोरं घेऊन रस्त्यावर जातो! त्या वही घेऊन सरळ प्राचार्यांकडे गेल्या.

शनिवारी सकाळी घरातल्या तिघांनाही बोलावणं आलं. प्राचार्यांच्या टेबलावर ती वही उघडी पडली होती. मॅडम बाजूला बसल्या होत्या, शाळेच्या गाड्या बघणारा अधिकारी दाराशी उभा होता. बाबांना आधी वाटलं, पोरीचा सत्कार आहे. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

अधिकाऱ्यानं त्यांना नळीत फुंकायला लावलं. काही निघालं नाही.

"निघणार कसं?" अधिकारी म्हणाला. "हा गाडी लावल्यावर घेतो. लिहिलंय ना पोरीनं."

मॅडमनी आईचा हात हातात घेतला. "ताई, घाबरू नका. हा कपाळावरचा व्रण कसला?"

"कपाटाचं दार लागलं हो."

मॅडमनी डोळे मिटले. चित्रपटातली बाईसुद्धा अगदी हेच म्हणाली होती.

"अहो, खरंच दार लागलं!" आई ओरडली. "बिजागरी ढिली आहे, येऊन बघा! हा माणूस झुरळ मारत नाही, मला काय मारेल?"

आई जितकी ओरडली तितकी मॅडमना तिची जास्त दया आली. बाबांनी वही स्वतःकडे ओढली आणि ओळीखाली बोट धरून सगळ्या प्रतिक्रिया वाचल्या. वेळ लागला. मग त्यांनी शहाणीकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं.

प्राचार्यांनी घसा साफ केला. "हे बघा, सरळ आहे. हिनं लिहिलंय ते खरं असेल तर तुम्हाला बसवरून उतरावं लागेल. खोटं असेल तर नियम पहिल्या पानावर आहे."

बाबांनी पहिलं पान उलटलं. जाड अक्षरांवर त्यांचं बोट थांबलं.

"म्हणजे हिचं वर्ष जाणार?"

"वर्ष जाईल आणि नक्कल केल्याची नोंद राहील. तुम्हीच सांगा, हे खोटं आहे का?"

शहाणीनं घरून निघताना ठरवलं होतं, गळ्याशी आलं की खरं सांगून टाकायचं. आता आलं होतं. तोंड उघडायचं आणि 'मी रचलं' एवढे दोन शब्द बोलायचे. तिनं तोंड उघडलंही. मग तिला ती नोंद दिसली, मैत्रीण दिसली, पुढच्या वर्षी पुन्हा तोच वर्ग दिसला. ती मूग गिळून बसली.

"खरं आहे साहेब," बाबा म्हणाले. "पितो मी. लपून पितो."

"आणि मारता?"

बाबांनी आईकडे पाहिलं नाही. "होतं कधी कधी."

आई उठली आणि एकटीच घरी निघून गेली. मॅडम रडल्या. शहाणीच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "किती धीराची आहेस गं तू!"

बाबांना कामावरून काढलं नाही, संस्था दयाळू होती. त्यांना बस धुवायला ठेवलं. तीच बस. सकाळी त्यांनी काचा पुसून दिल्या की नवा ड्रायव्हर येऊन बसायचा. पोरं खिडकीतून 'हळूकाका, हळूकाका' ओरडायची, तेव्हा फाटकाशी उभ्या आया त्यांना गप्प करायच्या. वरून एक अट होती. दर शनिवारी व्यसनमुक्तीच्या मंडळात बसायचं आणि सहीचा कागद आणायचा.

दोन शनिवारी सही मिळाली नाही. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी, चहाच्या वेळेला, बाबा शहाणीसमोर येऊन बसले. हातात कोरा कागद होता.

"तिथे प्रत्येकाला उभं राहून आपलं सांगावं लागतं," ते म्हणाले. "कशी लागली, काय काय केलं. मला काही सुचतच नाही गं. ते म्हणतात, हा सहकार्य करत नाही. उद्या नाही बोललो तर हे कामही जाईल." त्यांनी कागद पुढे सरकवला. "तू लिहून दे ना एक पान. तुझं चांगलं होतं. मॅडम रडल्या होत्या."

"बाबा..."

"पाठ करून टाकतो मी."

शहाणीनं पेन घेतलं. पहिल्या दोन ओळी जड गेल्या, पण नंतर पेन आपोआप चालायला लागलं. पान भरलं. बाबांनी ते ओळीखाली बोट धरून वाचलं, ओठ हलवत, आईला मारल्याच्या ओळीसकट. मग ते एका ठिकाणी अडले.

"ती चवीला कशी असते गं? कुणी विचारलं तर? ते सगळे पिणारे आहेत."

शहाणीला माहीत नव्हतं. आत शिवणयंत्र चालू होतं. प्राचार्यांकडच्या त्या शनिवारपासून आई दोघांशीही बोलली नव्हती. यंत्र थांबलं.

"कडू असते म्हणावं," आई आतून म्हणाली. "लवंगेसारखी." आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

बाबांनी मान हलवली आणि पेन मागून ते समासात लिहून घेतलं.