नाकावरचा भरवसा

"धोंडूमामा, यातला हायपो कुठला?"

रत्नागिरी शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत कोळंबी सोलून, धुऊन, गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना होता. तिथल्या रसायनांच्या स्टोअरच्या दारात हा प्रश्न दिवसातून दहा वेळा तरी विचारला जाई. धोंडू जाधव मग खुर्चीतून उठत, कॅनचं झाकण अर्धा आटा सैल करत, नाक जवळ नेत आणि सांगत, "हा ॲसिड. तो पलीकडचा हायपो. ने बिनधास्त."

हायपो म्हणजे जंतू मारायचं क्लोरीनचं पाणी. ते रोज लागे. ॲसिड लागे ते हौदांवर आणि नळांवर धरलेला क्षार काढायला. दोन्ही पिवळसर, दोन्ही पस्तीस लिटरच्या एकसारख्या निळ्या कॅनमध्ये, आणि दोन्ही एकाच मांडणीवर शेजारी-शेजारी. पुरवठादार कागदाची चिठ्ठी चिकटवून पाठवी, पण इथल्या खाऱ्या दमट हवेत ती आठ दिवसांत गळून पडे. कुणाला त्याची फिकीर नव्हती. मॅनेजर राकेश सुर्वे तर पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "आमचे धोंडूमामा म्हणजे चालतंबोलतं लेबल!"

एकवीस वर्षं मामांनी हे काम केलं होतं. सातवी झालेला माणूस, पण त्यांच्या शब्दावर मोठी माणसं चालत. त्या मानाची त्यांना गोडी लागली होती, यात नवल नाही.

२००३ साली कारखान्यात महरीन नावाची नवी केमिस्ट आली. रत्नागिरीतल्याच राजिवड्याची मुलगी, वडील कुवेतला, स्वतः बी.एस्सी. होऊन लागलेली. पहिल्याच आठवड्यात तिने स्टोअर पाहिलं आणि ती थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेली. ही दोन रसायनं चुकून एकत्र आली तर विषारी वायू निघतो, तो माणसाची छाती जाळतो, म्हणून ती वेगवेगळ्या खोल्यांत हवीत आणि प्रत्येक कॅनवर न पुसणारं नाव हवं, असं तिने मॅनेजरांना सांगितलं. सुर्वे म्हणाले, सीझन संपला की बघू. मामांना तिने हळूच सांगितलं की वास घेणंही बरं नाही, रोज थोडं थोडं विष आत जातं.

मामा हसले. "बाय माझे, तू काल आलीस. मी असताना लेबल कशाला?"

पण ते मनातून दुखावले होते. महरीनलाही ते कळलं. तिने पुन्हा विषय काढला नाही, मात्र डब्यातल्या तांदळाच्या गोड सांदणांतलं एक मामांसाठी न चुकता काढून ठेवी. मामाही तिला मुलीसारखी जपू लागले.

त्याच वर्षी श्रावणात मामा तापाने अंथरुणाला खिळले. जबर सर्दी, अंग मोडून गेलेलं. चौथ्या दिवशी कारखान्यातला माणूस दोन छोट्या बाटल्या घेऊन घरी आला. स्टोअरमध्ये घोळ झालाय, एवढं ओळखून द्या, म्हणाला. मामांनी पडल्या पडल्या पहिली बाटली नाकाशी धरली. नंतर दुसरी. नाकाला झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं. पण वास आला नाही. काहीतरी झोंबतंय एवढं कळत होतं, काय झोंबतंय ते कळेना. मामांनी रंग उजेडात धरून पाहिला आणि अंदाजाने उत्तर दिलं. ते बरोबर निघालं.

ताप उतरला. सर्दी गेली. वास काही परतला नाही.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. कामावर गेल्यावर कुठला कॅन कुठे ठेवला ते ध्यानात ठेवून काम भागवू लागले. झाकण सैल करून नाक जवळ नेत, तेवढं फक्त दाखवायला.

घरात मात्र प्रेमलाबाई होत्या. मामांची बायको, गावातल्या अंगणवाडीची सेविका. तीस पोरांच्या आयांना एका नजरेत ओळखणारी बाई नवऱ्याला ओळखणार नाही? मासळी आणायचं काम पहिल्यापासून मामांचं. एका रविवारी त्यांनी आणलेल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, इतक्या उतरलेल्या होत्या की पिशवी उघडताच शेजारीण खिडकीतून डोकावली. प्रेमलाबाई तेव्हा हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाचा कप पुढे करत सहज विचारलं, "वेलची जास्त झाली का ओ?"

"नाय गो. झकास झालाय," मामा म्हणाले.

चहात वेलची नव्हतीच.

प्रेमलाबाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. "कधीपासून?" एवढंच विचारलं.

मामांनी कप ठेवला. सगळं सांगितलं. एकवीस वर्षांचं नाव आहे, नाक गेलं हे कळलं तर मला तिथे कोण विचारणार, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. प्रेमलाबाईंनी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मग आपल्या अंगणवाडीचं सांगितलं. तिथे औषधाच्या प्रत्येक बाटलीवर नाव असतं, जंताचं औषध खाऊच्या कपाटात नसतं. का? तर उद्या त्या आजारी पडल्या तरी मदतनीस सगुणाच्या हातून पोरांना भलतंच काही जाऊ नये म्हणून.

"मी हुशार आहे म्हणून पोरं सुखरूप नाहीत," त्या म्हणाल्या. "मी नसले तरी सुखरूप राहतील, अशी मांडामांड आहे म्हणून आहेत. तुम्ही उद्याच साहेबांना सांगा."

मामांनी मान हलवली. पण उद्याचं परवा झालं, परवाचं पुढच्या आठवड्यावर गेलं. माणूस लाज झाकायला मुदत मागतो, ती अशी.

बुधवारी पुरवठादाराची गाडी आली. मामा तेव्हा जेवायला गेले होते. हमालांनी नवे कॅन जागा मिळेल तसे मांडणीवर लावले आणि जुने सरकवले. दुपारी कमळा आली. कमळा सफाईचं काम करी, विधवा बाई, दोन लेकरं शिकत होती. क्रेट बुडवायच्या हौदात सकाळचा हायपो कमी पडला होता, आणखी हवा होता. मामांनी नेहमीच्या जागेवरचा कॅन खाली उतरवला, झाकण सैल केलं, नाक नेलं. झोंबलं. "हाच. ने," म्हणाले. कमळाने कॅन ढकलगाडीवर घातला आणि गेली.

मामा वळले, तोच त्यांना जमिनीवर काहीतरी फसफसताना दिसलं. कॅन जिथे टेकवला होता तिथे दोन थेंब सांडले होते आणि सिमेंटवर त्यांचा फेस होत होता. हायपोचा असा फेस होत नाही. फेस होतो तो ॲसिडचा.

चोपन्न वर्षांचा माणूस त्या दिवशी जसा धावला, तसा तो शाळेतही धावला नसेल. "ओतू नको! कमळे, ओतू नको!"

पण कॅन कलता झाला होता. पहिली धार हौदात पडली होती आणि पाण्यावरून पिवळट-हिरवा धूर उठत होता. कमळा छाती धरून खाली बसत होती. मामांनी श्वास कोंडला, कॅन सरळ केला आणि तिला काखेत धरून बाहेर ओढलं. आवाज ऐकून महरीन आली. तिने सोलणाऱ्या पन्नास बायकांना दुसऱ्या दाराने बाहेर काढलं, वारा जिकडून येत होता त्या बाजूला मोकळ्यावर नेलं आणि कुणालाही पाणी-बिणी मारायला आत जाऊ दिलं नाही. कमळाला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. दोन दिवस तिला प्राणवायू लावला होता. जीव वाचला. घसा मात्र असा धरला होता की बोलता येईना.

आणि इथेच खरी परीक्षा सुरू झाली.

कारखान्यात बोलबाला झाला की मामांनी जिवावर उदार होऊन कमळाला वाचवलं. मॅनेजरांनी शनिवारी कँटीनमध्ये सत्कार ठरवला. कॅन चुकला कसा, याचंही उत्तर सगळ्यांनी परस्पर काढलं. कमळानेच घाईत मामांना न विचारता भलता कॅन उचलला असणार. तिला कामावरून कमी करायचं घाटत होतं. तिच्या बाजूने बोलणारी एकच व्यक्ती होती, ती स्वतः, आणि तिचा घसा बसला होता.

शुक्रवारी रात्री मामांनी जेवताना ताट बाजूला सारलं. त्यांनी प्रेमलाबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. ताटातला भात त्यांनी थोडा कालवून पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तुम्ही धावलात ते खरंच आहे. पण कॅन दिलात तेही खरं आहे. उद्या शाल घ्यायची की नाय ते तुम्ही ठरवा. मी ती घरात घेणार नाय. आणि ती नोकरी गेली तरी मी आहे, हे ध्यानात ठेवा."

शनिवारी कँटीन भरून गेलं. सुर्व्यांनी शाल उलगडली. मामांनी हात जोडले आणि ती अर्ध्यावर थांबवली.

"साहेब, कमळाची चूक नाय. तो कॅन मी दिला. दोन महिने झाले, मला वास येत नाय. मी लाजेपायी लपवलं."

सुर्व्यांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, इतक्यात महरीन उभी राहिली.

"चूक मामांची आहे," ती म्हणाली. "पण ती एकट्या मामांची नाही. शंभर माणसांचा जीव आपण एका माणसाच्या नाकावर ठेवला होता. नाक माणसाचं आहे, सर. ते सर्दीने बंद होतं, म्हातारं होतं. मी एकदा सांगून गप्प बसले, ही माझी चूक. सीझन थांबवून बघू शकलो नाही, ही आपली."

सुर्व्यांनी शालीची घडी घालून ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कमळाबाई कामावर राहतील, दवाखान्यातल्या दिवसांचा पगारही मिळेल. मामा, तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. आणि महरीन, सोमवारी नाही, आजच सुरुवात करू."

त्या आठवड्यात ॲसिडसाठी आवाराच्या टोकाला वेगळी, हवेशीर, कुलपाची खोली झाली. हायपो दुसऱ्या टोकाला सावलीत गेला. प्रत्येक कॅनवर रंगाने मराठीत नाव आलं, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र. ॲसिडचे कॅन लाल पट्ट्याचे, हायपोचे पिवळ्या. नाव नसलेला कॅन गाडीतून उतरवायचाच नाही, हातमोजे-चष्म्याशिवाय उघडायचा नाही, आणि वास तर कुणीच घ्यायचा नाही. ही नावं कुणी रंगवली? मामांनी. त्यांचं अक्षर मोत्यासारखं आहे, हे एकवीस वर्षांत कुणाला ठाऊकच नव्हतं!

कमळा बरी होऊन आली, तेव्हा मामा तिच्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. तिने घोगऱ्या आवाजात त्यांना दोन सणसणीत शिव्या घातल्या. मग पिशवीतून घरचे चार नारळ काढून त्यांच्या हातात दिले.

वास गेला तो तापाने की इतक्या वर्षांच्या वाफांनी, हे डॉक्टरांना ठामपणे सांगता आलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये सुरक्षा दिनाला वसाहतीतल्या पाच-सहा कारखान्यांची माणसं एकत्र जमली. मामांना बोलायला उभं केलं. प्रेमलाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. मामांना भाषण येत नव्हतं. ते एवढंच बोलले:

"तुमच्याकडेही माझ्यासारखा एक माणूस असेल. सगळं त्याच्या डोक्यात, आणि त्याचा त्याला अभिमान. त्याला मान द्या, पण त्याच्या डोक्यातलं सगळं आज घरी जाण्याआधी डब्यावर लिहून घ्या. तो उद्या आजारी पडेल. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर लाजू नका. आपल्याला येत नाही हे कबूल केल्याने इज्जत जात नाही. लपवल्याने दुसऱ्याचा जीव जातो."

खाली आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, बरं बोललो का.

"बरं बोललात," प्रेमलाबाई म्हणाल्या, "पण आणखी सहा महिने आधी बोलायला हवं होतं." आणि सगळ्यांदेखत त्यांचा हात धरून त्या एस.टी. स्टॉपकडे चालू लागल्या.

वाचकहो, विषाला आपला-परका कळत नाही आणि अनुभवाचा मानही ठेवता येत नाही. त्याला वेगळी जागा द्या, त्याच्यावर स्पष्ट नाव लिहा. सुरक्षितता एका माणसाच्या हुशारीवर टांगायची नसते. ती सगळ्यांना वाचता येईल अशी मांडून ठेवायची असते.