पाचवा आवाज

रेडिओ केंद्रातली सगळी माणसं त्याला बटणकाका म्हणत. तीस वर्षं त्याने बटणंच दाबली होती, त्यामुळे नावात खोट काढायला जागा नव्हती. फक्त त्याची मोठी बहीण त्याला अजून 'बाळ्या' म्हणायची, आणि तेही चारचौघांत.

दर वर्षीप्रमाणे केंद्राचा शास्त्रीय संगीताचा आठवडा सुरू झाला होता. सकाळी तासभर जुनी ध्वनिमुद्रणं लागायची आणि रोज एक मैफल गावातल्याच एखाद्या जागेतून थेट ऐकवली जायची. मंडप नाही, तिकीट नाही. सोमवारी टपाल कचेरीचं दालन, मंगळवारी दवाखान्याची बाहेरची खोली, बुधवारी अग्निशमन दलाचा गाडीखाना. वाजवणारेही गावातलेच. आणि रविवारी सकाळी दहा वाजता, वाचनालयाच्या मोठ्या खोलीत, बटणकाकाची ताई व्हायोलिन वाजवणार होती.

ताईने शाळेत छत्तीस वर्षं मुलांना संगीत शिकवलं. अख्खं गाव तिला 'बाई' म्हणे. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि व्हायोलिन कपाटावर गेलं. या वर्षी तिने ते स्वतःच खाली काढलं. "एकदा बघते," एवढंच म्हणाली. यापुढे ती वाजवणार की व्हायोलिन पुन्हा कपाटावर जाणार, हे त्या एकदाच्या वाजवण्यावर होतं. ती तसं बोलली नव्हती, पण साठ वर्षांच्या भावाला एवढं कळतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. घोळ झाला तो बुधवारी.

गाडीखान्यात गावातले दातांचे डॉक्टर बासरी वाजवत होते. शेवटचा सूर त्यांनी असा काही बारीक करत नेला की तो संपला कधी, हे कुणालाच कळेना. लोक श्वास रोखून बसले होते. तेवढ्यात रेडिओवर ढोल-ताशांसकट बँडचा दणका सुरू झाला.

हे काम 'रखवालदारा'चं. केंद्रातल्या एका यंत्राला सगळे त्या नावाने ओळखत. दहा सेकंद काहीच ऐकू आलं नाही, की ते यंत्र आपल्या मनाने बँड लावायचं, म्हणजे रेडिओ बंद पडला असं श्रोत्यांना वाटू नये. हे यंत्र बसवलं होतं खुद्द बटणकाकाने. का बसवलं? एके दुपारी जेवणानंतर त्याचा डोळा लागला होता आणि केंद्र अकरा मिनिटं मुकं झालं होतं.

"माझ्या खुर्चीत बसून कुणी आजवर एवढा मोठा आ केला नाही," दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "जेवढा काल रेडिओ ऐकणाऱ्यांनी केला असेल!"

बटणकाका हसला आणि हसता हसता थांबला. त्याला ताईची मुलांना शिकवायची पद्धत आठवली.

वर्गात वाद्याला हात लावण्याआधी बाई सगळ्यांना गप्प बसवत. डावा हात वर धरायचा, बोटं उघडी. कानावर एक आवाज पडला की एक बोट मिटायचं. पंख्याचा आवाज, एक बोट. बाहेरची सायकल, दुसरं. पाची बोटं मिटली की मगच वाजवायचं. "कान रिकामे असतील तर हात काय वाजवणार?" असं त्या म्हणत. मुलांबरोबर स्वतःची बोटंही मिटत. त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात अशीच होई.

गुरुवारी संध्याकाळी तो ताईकडे गेला.

"ताई, रविवारी ते बोटांचं राहू दे. थेट सुरू कर."

"का रे?"

"रखवालदार मधेच बोंबलेल."

"मग त्याला गप्प कर. तुझंच कार्टं ना ते?"

"केंद्रप्रमुख मॅडमना विचारलं. म्हणाल्या, यंत्र बंद होणार नाही. मी म्हटलं, आता मी दुपारी झोपत नाही. तर म्हणतात, मग कधी झोपता, सकाळी?"

ताई हसली नाही. तिने डावा हात मांडीवर उघडा ठेवला. "बघ," ती म्हणाली. अंगठा मिटला, तर्जनी मिटली, मधलं बोट जरा रेंगाळत मिटलं, मग अनामिका. करंगळी मात्र तशीच उभी. ती थरथरत होती आणि ताई तिच्याकडे अशी बघत होती, जशी वर्गात मागे राहिलेल्या मुलाकडे बघायची. रागावून नाही, वाट बघत. बटणकाका मनात मोजत होता. चाळीस सेकंदांनी करंगळी मिटली.

"ती आली की मग सगळी बोटं ऐकतात," ताई म्हणाली. "तिच्याआधी सुरू केलं तर एकही सूर जागेवर पडत नाही. मुलांना वाटेल बाई ऐकतायत. मी हिची वाट बघत असेन. तुझ्या यंत्राला दहा सेकंदांच्या वर धीर नसेल, तर मी येत नाही बाळ्या. नाव काढून टाक माझं."

तो तसाच बसून राहिला. आणि गप्प बसल्यामुळेच त्याला ऐकू आलं. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. शेजारी कुणीतरी खुर्ची सरकवली. तीस वर्षं आवाजाचं काम करणाऱ्या माणसाला आत्ता कुठे उमगलं, की ताईच्या त्या चाळीस सेकंदांत शांतता नसतेच. रखवालदाराचा कान जाड होता, एवढंच.

"नाव काढत नाही," तो उठत म्हणाला. "त्या बहिऱ्याला ऐकू जाईल असं करतो."

शनिवारी तो वाचनालयात गेला. तिथे भिंतीवर एक जुनं लंबकाचं घड्याळ होतं, बंद.

"चालतं," ग्रंथपाल म्हणाले, "पण टकटक फार करतं. वाचक तक्रार करतात, म्हणून चावी देत नाही."

"रविवारी वाचक नसतील, श्रोते असतील. द्या चावी."

त्याने घड्याळाच्या अगदी पोटाशी एक मायक्रोफोन टांगला. ताई थांबेल तेवढा वेळ टकटक यंत्रापर्यंत पोचली, की झालं. वाजवणं सुरू झालं की तो आवाज हळूच खाली घ्यायचा.

रविवारी खोली भरली. पुढच्या सतरंजीवर बाईंच्या शाळेतली जुनी-नवी मुलं दाटीवाटीने बसली. निवेदिकेने दोन वाक्यांत ओळख करून दिली आणि ती बाजूला झाली. ताईने व्हायोलिन मांडीवर ठेवलं, डावा हात वर धरला. मुलांचे हात वर गेले. मागे बसलेल्या डॉक्टरांनीही हात वर केला.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बटणकाका मीटरच्या काट्याकडे बघत होता. टक. काटा हलला. टक. पुन्हा हलला. मुलांची बोटं मिटत होती. ताईचं तिसरं मिटलं, चौथं मिटलं. करंगळी उभी. असू दे, घे वेळ, तो मनात म्हणाला. टक. टक.

आणि काटा आडवा झाला.

त्याने वर पाहिलं. कित्येक वर्षांनी चालवलेलं घड्याळ दमून थांबलं होतं. लंबक मधोमध लोंबकळत होता. इथून घड्याळापर्यंत जायचं तर मुलांच्या अंगावरून जावं लागलं असतं. खोकावं? ताई दचकली तर करंगळी गेलीच. चार. पाच. तिची करंगळी अर्धी वाकली होती. सहा. सात. आठ.

"बाई, घड्याळ थांबलं," पुढच्या रांगेतून एक बारीक आवाज आला.

दोन वेण्या घातलेली, सात-आठ वर्षांची मुलगी. तिची चार बोटं मिटलेली होती. काटा टुणकन उडाला आणि रखवालदाराची मोजणी पुन्हा शून्यावर आली.

"हा माझा पाचवा," ती घाईने म्हणाली. बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. "थांबलेला चालतो का?"

खोलीत हशा पिकला. ताईही हसली, खांदे हलवून, शाळेत हसायची तशी.

"चालतो की," ती म्हणाली. "थांबलेलं ज्याला ऐकू येतं, त्याचा कान चांगला. मिट बोट."

मुलीने बोट मिटलं. ताईने आपल्या हाताकडे पाहिलं. हसण्याच्या नादात तिची करंगळी केव्हाच मिटली होती.

तिने व्हायोलिन खांद्याला लावलं. पहिला सूर जरा खरखरीत निघाला, दुसरा सरळ उभा राहिला. तिसऱ्या ओळीत करंगळी घसरली. ताई थांबली नाही, दडवलंही नाही. मुलांना सांगायची तशी दोन सूर मागे गेली आणि ती जागा पुन्हा वाजवली. या वेळी बोट बरोबर बसलं. पुढची वीस मिनिटं बटणकाकाने काट्याकडे पाहिलंच नाही.

मैफल संपल्यावर मुलांनी बाईंना गराडा घातला. दोन वेण्यांच्या मुलीला व्हायोलिनची पेटी उचलायचा मान मिळाला. केंद्रातून मॅडमचा फोन आला. फोन करणारे श्रोते वाजवणं सुंदर झालं म्हणत होतेच, पण जो तो आपापल्या घरी ऐकलेले पाच आवाज सांगत सुटला होता.

"रखवालदाराला जरा धीर धरायला शिकवा," मॅडम म्हणाल्या. "एक मिनिट दिलं तरी चालेल."

बटणकाका तारा गुंडाळत होता. ताई त्याच्यापाशी आली, भिंतीकडे बघत म्हणाली, "बाळ्या, पुढच्या वेळी त्या घड्याळाला तेल घाल."

"घालतो," तो म्हणाला. मग त्याचा हात थांबला. "पुढच्या वेळी?"

"कान धू जरा," ताई म्हणाली आणि मुलांकडे वळली.