तक्रार मागे घेतली

मी तापट आहे, हे अमेरिकेतल्या आमच्या आख्ख्या मॉरिसव्हिलला माहीत आहे. म्हणूनच ऑगस्टमध्ये माझ्या मैत्रिणीच्या, रुचाच्या, चार वर्षांच्या आर्यच्या रक्तात शिसं सापडलं, तेव्हा मी थेट आमच्या राज्याच्या आमदारबाईंचं ऑफिस गाठलं. आर्य आणि माझी हिमानी एकाच डे-केअरमध्ये. तिथल्या नळाला तांबूस पाणी येतं म्हणून मार्चमध्येच मी राज्याच्या आरोग्य खात्याकडे तक्रार केली होती. चिटपाखरू फिरकलं नाही! डे-केअरची बाई म्हणाली, फिल्टर बसवलाय, आणि मी मूर्खासारखी गप्प बसले. हिमानीची टेस्ट नॉर्मल आली, नशीबच म्हणायचं.

आमदारबाईंच्या ऑफिसातली नैना इथंच जन्मलेली. मी तावातावाने सांगत होते, ती शांतपणे टाइप करत होती. "काकू, आपण लेखी प्रश्न पाठवू. पण व्हाय विचारायचं नाही. व्हाय विचारलं की खातेवाले लांबलचक एसे लिहितात. डेट विचारायची, नाव विचारायचं."

मग तीनच प्रश्न गेले. तक्रार कधी पोचली? तपासणी कधी ठरली? झाली नसेल, तर कुणाच्या सांगण्यावरून रद्द झाली? आता बघतेच एकेकाला, म्हटलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नैनाने मला ते पाठवलं आणि लगेच फोन केला. "काकू, आधी बसा."

तक्रार पोचली चार मार्चला. तपासणीची तारीख ठरली बारा मार्च. नऊ मार्चला रद्द, तक्रारदाराच्याच विनंतीवरून. सोबत ईमेल जोडलेली, माझ्याच पत्त्यावरून गेलेली! आमच्या घरी ईमेलचा पत्ता एकच, लग्नापासून, दोघांच्या नावाचा. 'काइंडली क्लोज द कम्प्लेंट अँड डू द नीडफुल.' हे इंग्रजी माझ्या नवऱ्याचं.

सुशांत आत काम करत होता. मी फोन तसाच चालू ठेवून लॅपटॉप त्याच्यापुढे आदळला. "हे काय आहे?"

त्याने वाचलं. "त्या आठवड्यात ग्रीन कार्डचं फायलिंग होतं गं. सरकारी तक्रारीत आपलं नाव नको वाटलं. घाबरलो मी."

"आणि पोरगी? तिने विष प्यायचं?"

"त्यानंतर ती तिथलं पाणी प्यालीच नाही. रोज मीच सोडतो ना तिला? दहा मार्चपासून घरची बाटली देतोय. टीचरला सांगितलंय, हिला फक्त हेच द्या."

देवाशपथ सांगते, आधी मला हायसं वाटलं. मग बाकीची बावीस पोरं डोळ्यांपुढे आली, त्या नळाचं पाणी पिणारी. शी! स्वतःचीच किळस आली मला.

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"काकू?" फोनवर नैना अजून होतीच. "हे उत्तर असेंब्लीच्या कमिटीपुढे जाईल. पब्लिक होईल. तुमची नावं झाकू का?"

सुशांतने हात जोडले. "पद्मजा, ग्रीन कार्डची केस अजून पेंडिंग आहे."

"नको झाकूस," मी नैनाला म्हणाले. "नावांसकट लाव. आणि अजून एक प्रश्न घाल. एका ईमेलवर सगळ्या पोरांची तपासणी रद्द करणाऱ्याचं नाव काय?"

फोन ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली. कमिटीच्या आधी रुचाला मलाच सांगायला हवं होतं. गेले तीन आठवडे ती भेटली की माझा हात धरून म्हणते, "तू एकटीने तरी आवाज उठवलास गं."