पान एकेचाळीस

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. शेळ्यांच्या आजारांचं. मला कुणी वाचत नाही, अशी माझी तक्रार नाही. मला फार वाचलं, हीच तक्रार आहे.

कड्याच्या बाजारात सटवानं मला विकत घेतलं आणि चकलांब्याला आपल्या घरी आणलं. त्याच्या सात शेळ्या. पोरीच्या दप्तरातला लाल पेन घेऊन त्यानं मला तीनदा मोठ्यानं वाचलं. जे पटेल त्याखाली रेघ. त्याला सगळंच पटलं! छापखान्याच्या पत्त्याखालीसुद्धा रेघ. पाहुणे आले की मला थोपटून म्हणायचा, "लई भारी पुस्तक हाय. समदं वाचलंय."

"काय लिवलंय त्यात?"

"आवो, लईच बारीकसारीक दिलंय बगा."

माझा जीव नुसता जळायचा.

त्याची बायको चतुराबाई मात्र त्याला अडवायची. ती धार काढत असायची. हात गुंतलेले, म्हणून कानांनी वाचायची.

"फुगलेल्या शेळीला आडवी पाडून तेल कावून पाजायचं न्हाई?"

"पुस्तकात तसं हाय."

"ते झालं. पण कावून?"

मग कुरकुरत सटवा माझं एकेचाळिसावं पान पुन्हा उघडायचा. तेल फुफ्फुसात उतरतं, शेळी दगावते. सकाळी पाण्याला जाताना चतुराबाई हेच जावेला, छबुबाईला, आपल्या बोलीत सांगायची. मध्ये कुठं अडलं, तर संध्याकाळी नवऱ्याला पुन्हा छळायची. मला तो छळ फार गोड वाटायचा.

परवा दुपारी गाभण शेळी चंद्री कोवळ्या लसूणघासात घुसली आणि पोटभर चरली. बघता बघता तिची डावी कूस टम्म फुगली. श्वास लागला. फोन केल्यावर गुरांचे डॉक्टर गेवराईहून निघाले होते, पण यायला तास होता. सटवानं मला फडताळातून ओढलं. भराभरा पानं उलटली. सगळीच लाल, सगळेच कोपरे दुमडलेले! "कुटं गेलं बे ते पान?" तो माझ्यावरच खेकसला. मी आतल्या आत ओरडत होतो, एकेचाळीस, अरे एकेचाळीस! शेवटी त्यानं मला भिरकावलं, गोडेतेलाची बाटली घेतली आणि चंद्रीला आडवी पाडली.

"सोडा तिला!" चतुराबाई धावत आली. "मारता का काय? उबी करा. फुडले पाय वट्यावर ठिवा."

"तुला काय ठावं?"

"तुमीच वाचलंय की!"

तिनं चंद्रीच्या तोंडाच्या कडेनं तेल सोडलं. थोडं थोडं, गिळू देत. मग तिची डावी कूस चोळत राहिली. चोळत राहिली. आणि चंद्रीनं अशी लांबलचक ढेकर दिली की मागोमाग आलेली छबुबाई हसता हसता रडली.

डॉक्टरांनी येऊन चंद्रीला तपासलं. "बरोबर पाजलंय. कुठं शिकलात?"

सटवानं मान खाली घातली. "तिला इचारा, सायेब. म्या नुसतं वाचलंय."

मित्रांनो, मला कव्हर घाला, वाळवीपासून जपा, हे कुठलंही पुस्तक सांगेल. माझं मागणं उलटं आहे. दोन पानं झाली की मला मिटा. हवं तर बोट आत ठेवा. आणि शेजारच्या माणसाला सांगा, मी काय म्हणालो ते. अडखळलात तर उघडा, मी कुठं पळून जातोय? पण आधी मिटा!