तांबूची गाठ

"भावजी, गाठ सुटली नाय हो."

शेजारची मालन मला शाळेच्या दारातच भेटली. कडेवर मूल, दोघंही भिजलेली. मी अंधेरीच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून आलो, तेव्हा आमची दिंडोशीच्या टेकडीवरची सगळी वस्ती या म्युनिसिपालिटीच्या शाळेत आणून बसवली होती. टेकडीची माती सुटली होती. माणसं सगळी खाली आली होती.

"दोनदा ओढली. तुमच्या तांबूने माझ्याकडे बघितलं पण. मग वरून माती आली नि लोकांनी मला ओढत नेलं. मथुराताईंनी तीनदा शिकवलं होतं मला. माझ्याच हाताला जमलं नाय."

"असू दे," मी म्हणालो.

तांबू ही माझ्या बायकोची शेळी. मथुरा फाल्गुनात काविळीने गेली. टेकडीवर घर बांधलं त्या वर्षापासून तिला पावसाची धास्ती होती. दरवर्षी चैत्रापासून ती रविवारी तांबूला घेऊन खाली काशीरामच्या तबेल्यापर्यंत चालत जाई. तिथे शेळीला ओंजळभर चुणी खायला घालायची आणि परत यायचं. पावसात टेकडी सोडावी लागली तर तांबूला तबेल्यात ठेवायचं, असं तिने काशीरामकडून कबूल करून घेतलं होतं.

"मथुराताई, बकरीला शाळेत घातलीत की काय?" मालन हसायची.

मीही हसायचो. मथुरा म्हणायची, "माणसांक तोंड आसा, ती इचारून जातली. हिका कोण सांगतला? हिची वाट हिच्या पायांक ठावक व्हयी."

दोरीची गाठही तिची ठरलेली होती. सुटं टोक ओढलं की एका हिसक्यात मोकळी. आमच्या रांगेतल्या सगळ्या बायकांना तिने ती दाखवली होती. घरात आम्ही असू-नसू, जो आधी बाहेर पडेल त्याने जाता जाता टोक ओढायचं. पुढचं तांबू बघून घेईल.

मथुरा गेल्यावर तांबू ते टोक स्वतःच दातांनी ओढायला शिकली. रोज सुटायची आणि तबेल्यात जाऊन उभी राहायची. मागून तिचं करडू. मी पाळीवरून दमून आलो की मला पुन्हा उतरून जावं लागे.

"भिकाजी, तेरी बकरी रोज हजेरी लगाती है," काशीराम म्हणायचा. "किसको ढूंढती है रे?"

मला ते ऐकवत नसे. ज्येष्ठात एका संध्याकाळी मी दोरीला दोन पक्क्या गाठी मारल्या आणि वर पाणी ओतून आवळल्या. मालनला सांगून ठेवावं असं मनात आलं होतं. उद्या सांगू म्हटलं.

माती सुटल्यावर तिसऱ्या दिवशी आम्हाला वर जाऊ दिलं. पडवीचा खांब तेवढा उभा होता. दोरी खांबापासून मातीत गेली होती. मी थोडं उकरलं, मग थांबलो.

खाली आलो तर काशीराम वाटेतच उभा होता. "करडू मेरे पास है. त्याच दिवशी आलं, अकेला. चुणी मांगत होतं."

करडाला मी कधी बांधलंच नव्हतं.

आता आम्ही खालच्या अंगाला, सपाटीवर राहतो. मालन शेजारीच आहे. करडाची आता शेळी झाली आहे. रविवारी मी तिला तबेल्यापर्यंत नेतो. गाठ मथुराचीच मारतो. सुटली तर सुटली, मी आणायला जातो.

मालन माझ्या डब्यात भाजी घालते, ताप आला तर चहा आणून देते. पण त्या दोरीला हात लावत नाही. परवा मी पाळीवर निघताना तिला म्हणालो, "पाऊस वाढला तर हिला सोडशील ना गं?"

"नको भावजी," ती म्हणाली. "माझ्या हातात ते नाय. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

मी चप्पल घातली आणि निघालो. गाठ मी बदलली होती, हे तिला सांगायचं अजून राहिलं आहे.