रडणारी पेटी आणि रुख्मिणीचा निंब

माणिकरावाच्या ओसरीवर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं वडनेर आत लोटलं होतं, उरलेलं निम्मं कुंपणावर चढलं होतं. महाराष्ट्र राज्य होऊन सात-आठ वर्षं झालेली, गावात वीज नुकती आलेली आणि माणिकरावानं खामगावहून तबकड्या वाजवायचं विजेचं यंत्र आणलेलं. आवाजाची पेटी वेगळी, तारेनं जोडलेली. दोन्ही त्यानं एकाच लाकडी संदुकीवर मांडली होती. पण आवाज जरा वाढवला, की पेटी रडायची. साधं रडणं नाही, मसणातून आल्यासारखं "हूंऽऽऽ"!

"लाकडात पिशाच्च आहे!" गावात मुक्कामाला आलेल्या ध्वनिनाथ महाराजांनी निदान केलं. "सुईच्या टोकावर बत्तीस योनी नाचतात. यंत्राची बैठक बदला!"

त्यांनी झोळीतून औदुंबराची सिद्ध फळी काढली, शेंदूर फासला आणि यंत्र तिच्यावर चढवलं. मग चेल्याला म्हणाले, "पेटी खिडकीत ने. देवाचा आवाज गावाकडे तोंड करून असावा." मंत्र झाला, फुंकर झाली. आवाज वाढवला. एक हूं नाही! भजन कसं स्वच्छ, पहाटेच्या विहिरीसारखं.

लोकांनी जयजयकार केला. एकट्या रंगरावाचं तोंड कच्ची कैरी चावल्यासारखं झालं.

मी शिंपी. माझी मशीन या दोघांच्या घरांच्या मधोमध, त्यामुळे त्यांच्या जळण्याचा हिशेब माझ्याकडे बिनचूक असतो. माणिकरावानं सायकल घेतली, रंगरावानं दिव्याची घेतली. रंगरावानं दाराला हिरवा रंग दिला, माणिकरावानं खिडक्यांनाही दिला. म्हणून आठव्या दिवशी रंगरावाकडे माणिकरावापेक्षा वीतभर मोठं यंत्र आलं, तेव्हा मी मशीनवरून मानही वर केली नाही.

रंगरावानंही यंत्र आणि पेटी बायकोच्या संदुकीवर शेजारी शेजारी ठेवली. आवाज वाढवला. हूंऽऽऽ!

त्यानं यंत्राखाली सागवानाचा पाट घातला. हूंऽऽ. बाभळीची फळी घातली. हूंऽऽ. शहाबादी फरशी घातली, तेव्हा रडं थोडं खाली आलं, पण थांबलं नाही. तेवढ्यात माणिकराव दारात.

"काऊन रंगराव, कोणाचं मयत झालं?"

झालं! रंगराव तसाच उठला आणि महाराजांकडे गेला. महाराजांनी डोळे मिटले. "तुझं पिशाच्च जुनं आहे. औदुंबर पुरणार नाही. सवाष्णीनं लावलेल्या निंबाची फळी हवी. एक फळी तुझी, उरलेलं झाड देवाचं." देवाची बैलगाडी बाहेर जुंपूनच उभी होती.

रंगरावाच्या अंगणात तसा निंब एकच, रुख्मिणीचा. रंगरावाच्या बायकोनं मोठी लेक झाली त्या वर्षी लावलेला. लेक आता सोनाळ्याला सासरी. तिचं पत्र आलं की रुख्मिणी मला हाक मारायची, त्या निंबाखाली बसून वाचून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी कारभारी सुतार कुऱ्हाड घेऊन आला.

"माह्या झाडाले हात लावू नका!" रुख्मिणी म्हणाली.

"त्या माणक्याचं यंत्र गाते अन् माहं रडते!" रंगराव ओरडला. "गावात तोंड दाखवू का नाही मी?"

तिनं मिरच्यांचा खलबत्ता उचलला आणि रागानं त्या संदुकीवरच आदळला. वर तबकडी फिरत होती. बत्त्याचा पहिला ठोका पडला आणि सुईनं टुणकन उडी मारली. दुसरा ठोका, दुसरी उडी. रुख्मिणी थबकली.

"थांबा हो कारभारी. खलबत्त्याखाली आमी गोणपाट काऊन घालतो?"

"मांडणीवरची भांडी खणखणतात म्हणून."

"हाव ना! मंग ही पेटी संदुकीवर बसून दिवसभर बत्त्यावानी ठोकेच देऊन राह्यली. सुई हलन नाही तं काय करन?"

तिनं पेटी उचलली आणि खिडकीत नेऊन ठेवली. आवाज पुरता वाढवला. हूं नाही. कारभाऱ्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

ती तिथंच थांबली असती तर महाराज वाचले असते. ती तरातरा माणिकरावाकडे गेली. मागे रंगराव, त्याच्या मागे झाड न्यायला आलेले महाराज आणि सगळं गाव.

"भाऊजी, यंत्र महाराजाच्या फळीवरच राहू द्या. फक्त पेटी खिडकीतून काढा अन् संदुकीवर, यंत्राच्या बाजूले ठेवा."

"कोप होईल!" महाराज गरजले.

"झाला तं मले होईल," म्हणत तिनंच पेटी हलवली. शेंदूर लावलेली सिद्ध फळी, आणि तिच्या बाजूलाच पेटीचं गळा काढून "हूंऽऽऽ"! पेटी परत खिडकीत नेली, चूप. संदुकीवर आणली, हूंऽऽ. तीनदा केलं. तिसऱ्यांदा पोरंसुद्धा पेटीबरोबर रडू लागली आणि मोठी माणसं हसू लागली. महाराजांना विटाळ झाल्याची आठवण झाली. बैलगाडी रिकामीच गेली.

गोष्ट एवढीच होती. पेटीचा आवाज संदूक हलवतो, संदूक सुईला हलवते, सुई तो हादरा पेटीकडे पाठवते, पेटी तो मोठा करून पुन्हा संदुकीला देते. वर्तुळ फिरत राहतं आणि आपण त्याला पिशाच्च म्हणतो. बैठक जड असावी, खाली मऊ घडी असावी, पेटी दूर असावी. लाकूड कोणत्या देवाचं, हे सुईला कळत नाही. माझ्या मशीनच्या पायांखाली मीच सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातलेत. तरी त्या दिवशी जयजयकारात माझाही आवाज होता. हे लिहिताना लाज वाटते, म्हणूनच लिहितो.

संध्याकाळी निंबाखाली रंगरावानं बायकोला हळूच विचारलं, "पण माहं यंत्र माणक्याच्यापेक्षा बेस वाजते ना?"

"यांच्या मनातला महाराज गेला नाही अजून," रुख्मिणी मला म्हणाली आणि लेकीचं पत्र पुढं केलं.

खरंच आहे. ध्वनिनाथानं विकली ती फळी नव्हे, शेजाऱ्याविषयीची जळजळ विकली. तो माल आपण घरूनच पुरवतो. म्हणून सांगतो, पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, तर त्यानं मंत्र कोणता म्हटला हे ऐकत बसू नका. मंत्राच्या गडबडीत कोणती वस्तू कुठून कुठं हलली, तेवढं बघा.