जामाची बाजू

फेब्रुवारीतला प्रेमाचा दिवस आठवड्यावर आला की त्या घराच्या स्वयंपाकघरात साखर करपल्याचा वास येऊ लागे. ओव्हन बंद, शेगडी बंद, शेजाऱ्यांच्या खिडक्याही थंडीमुळे घट्ट लावलेल्या. तरी वास यायचाच. सकाळी पुसट असायचा, दुपारी चारच्या सुमाराला असा दाटून यायचा की डोळे चुरचुरावेत.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी धाकटीने ओव्हन तीनदा घासला होता. मागची भिंत धुतली, कचऱ्याचा डबा नवा आणला. या वर्षी तिने काही घासलं नाही. वास कुठून येतो ते तिला ठाऊक होतं.

घर चष्मेवाल्याचं. खाली दुकान, वर तीन खोल्या. त्याची पहिली बायको तीन वर्षांपूर्वी गेली, ती थोरली. दीड वर्षापूर्वी त्याने दुसरं लग्न केलं, ती धाकटी. ही नावं आत्याने पाडली होती. आत्या म्हणजे चष्मेवाल्याच्या वडिलांची बहीण. कान शाबूत, दात दोन, आणि जिभेला हाड नाही.

"आली वाटतं थोरली," आत्या दारातूनच नाक वर करून म्हणाली. "वेळेची पक्की हो. जिवंत होती तेव्हाही असंच."

"आत्या, असं काही बोलू नका."

"मी काय वाईट बोलले? येऊ दे की बिचारीला. तिचंच घर."

धाकटीने पिठात लोणी चोळायला घेतलं. तिचंच घर, हे शब्द टोचले; पण टोचले म्हणून बोलायचं नाही, हा तिचा नेम होता. तिचे असे नेम बरेच. सकाळी पाण्याचा घोट घेण्याआधी खिडकीशी उभं राहून देवाला एकेकाचं नाव सांगायचं, त्याला सांभाळ म्हणायचं. नवऱ्याचं, आत्याचं, ज्यांची सेवा केली त्या सगळ्या आजाऱ्यांचं. एकच नाव तिच्या ओठांवर येऊन परत फिरायचं.

कारण धाकटी आधी या घरात बायको म्हणून आलीच नव्हती. ती आली होती नर्स म्हणून. थोरलीचे शेवटचे चार महिने तिनेच काढले.

आज प्रेमाचा दिवस, आणि ती जोडबिस्किटं करत होती. दोन पातळ चकत्या, मध्ये लाल जाम, आणि वरच्या चकतीला बदामाच्या आकाराची खिडकी. हा थोरलीचा पदार्थ. थोरली आणि चष्मेवाला यांचा त्यावर एक खेळ होता, लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा. प्रेमाच्या दिवशी डब्यातलं पहिलं बिस्किट दोघांनी दोन बाजूंनी धरायचं आणि पिळून सोडवायचं. जाम ज्याच्या चकतीवर राहील, त्याने दुसऱ्याच्या एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. खोटं चालत नाही, टाळणं चालत नाही. वर्षातून एकदा, एकच प्रश्न.

थोरली गेल्यापासून डबा माळ्यावर होता. यंदा धाकटीनेच विषय काढला.

"अहो, या वर्षी करू का मी बिस्किटं? आपण दोघं खेळू."

चष्मेवाला भिंगाला फ्रेम बसवत होता. स्क्रू हातातून निसटला. तो वाकून बराच वेळ शोधत राहिला. वर आला तेव्हा म्हणाला, "कर. किती दिवस त्या डब्याला घाबरायचं?"

तिच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक, ताज्या भाजलेल्या बिस्किटांच्या वासाने तो जुना वास पळेल. दुसरी, जाम त्याच्या बाजूला राहिला तर विचारायचं, की तुम्ही माझ्याकडे बघता तेव्हा कोण दिसतं तुम्हाला? एवढं एकदा कळलं की ती या घरात ताठ मानेने वावरली असती. नाहीतर एवढं शहाणपण तरी आलं असतं, की वावरायचं ते पाहुणी म्हणून.

गोळा थंड झाला तसा तिने लाटला, साच्याने चकत्या पाडल्या. निम्म्या चकत्यांना खिडक्या कापल्या. ट्रे आत सरकवला आणि ओव्हनसमोर स्टूल ओढून बसली, काचेवरची नजर हलवली नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. दहाव्या मिनिटाला तिने ट्रे बाहेर काढला. चकत्या कडेला जेमतेम सोनेरी झाल्या होत्या. लोण्याचा सुंदर वास सुटला होता. आणि त्याच्या खाली, दबून, तोच वास.

जाम लावून झाल्यावर आत्याने खुर्ची पुढे ओढली.

"चाचणी घेऊ या. धर तिकडून. जाम माझ्याकडे येऊ दे, मी सगळं खरं सांगते. या वयात लपवायला उरलंय काय, दोन दात!"

धाकटी हसली. दोघींनी पिळलं. आत्याच्या हातात कोरडी चकती आली. जाम सगळा धाकटीकडे.

"हात्तिच्या! बरं, मग तू सांग." आत्याने चकती तोंडात चघळायला टाकली. "त्या दिवशी गं, ती जायच्या दोन दिवस आधी, प्रेमाच्या दिवशीच. मी खाली दुकानात बसले होते. वरून करपल्याचा वास आला, अगदी हाच. तू होतीस ना वर? थोरली खरंच उठून ओव्हनपाशी गेली होती?"

धाकटीच्या बोटांना जाम चिकटला होता. तिने बोटं फडक्याला पुसली. परत पुसली.

"नीट आठवत नाही हो आत्या."

"तुला आठवत नाही? कोणाला कुठली गोळी किती वाजता दिली ते तुला वर्षावर्षाचं पाठ असतं."

"नाही आठवत."

  आत्या काठी टेकत बाहेरच्या खोलीत गेली.

धाकटी एकटी राहिली. तिने दुसरं बिस्किट उचललं, दोन हातांत धरून पिळलं. जाम उजव्या हातात. उजवा हात आपला, डावा त्यांचा, असं तिने मनाशी धरलं होतं. तिसरं घेतलं. उजव्याच हातात. मग तिने ठरवलं, डावा आपला. चौथं पिळलं. जाम डाव्यात.

तिच्या पाचावर धारण बसली. कोणीतरी पाठीशी उभं आहे, श्वास आवरून, असं वाटत होतं. आजारी माणसाचा श्वास तिला परका नव्हता. दोन शब्द, मग दम. दोन शब्द, मग दम. तो तिला ऐकू येत नव्हता, पण त्यातल्या थांबण्याच्या जागा मात्र खोलीत जाणवत होत्या.

"मी चुकले," ती हळूच म्हणाली, कोणाकडे न बघता. "पण आता सांगून कोणाचं भलं होणार आहे?"

नळाचा एक थेंब सिंकमध्ये पडला. बाकी काही नाही.

मग तिने जे केलं, त्याची तिला नंतर लाज वाटली. एक चकती तिने पुन्हा गरम केली, जाम तिच्यावर दाबून पसरला, म्हणजे तो तिलाच धरून बसेल. वरची चकती पार गार झाल्यावर नुसती टेकवली. गरम चकतीला खालून काट्याने एक टोचा मारला, खूण म्हणून. ही बाजू त्यांच्या हातात द्यायची. जन्मभर मोजूनमापून औषधं देणाऱ्या बाईने देवासमोर हिशेबात लबाडी केली.

चष्मेवाला साडेपाचला वर आला. त्याने हात धुतले, केस विंचरले, आणि नव्या नवऱ्यासारखा अवघडून टेबलाशी बसला. आत्याने आपली बशी उचलली.

"मी माझ्या खोलीत खाते. तुमच्या प्रेमाच्या गोष्टी ऐकून मला अपचन होतं."

बशीत एकच बिस्किट ठेवलं होतं. धाकटीने ते उचललं, टोच्याची बाजू त्याच्याकडे केली. त्याने धरलं.  बारीक स्क्रू धरावा तसं, दोन बोटांत.

"पिळू?" त्याने विचारलं.

"पिळा."

बिस्किट सहज सुटलं. त्याच्या हातात टोचा मारलेली चकती होती, पुसून घेतल्यासारखी कोरडी. जाम, अगदी शेवटच्या ठिपक्यापर्यंत, तिच्याकडे.

तो हसला. "जिंकलो की मी. काय विचारू बरं?" त्याने चकतीचा एक तुकडा मोडला आणि हसू ओसरलं. "खरं म्हणजे एकच गोष्ट आहे. तुला विचारायची हिंमत झाली नाही इतके दिवस."

धाकटीने मान वर केली नाही.

"त्या दिवशी मी वर आलो तर कचऱ्याच्या डब्यात बिस्किटं होती. काळी ठिक्कर पडलेली. मी तुला विचारलं, हिने केली का? तू मान खाली घातलीस. मी समजलो ते समजलो. ती उठली, तेवढी ताकद गोळा करून तिने ती केली, आणि मग फेकून दिली. माझ्याबरोबर एक उघडायचं नव्हतं तिला." त्याने मोडलेला तुकडा बशीत ठेवला. "आदल्या वर्षी जाम तिच्याकडे राहिला होता. मी विचारलं होतं, हे दुकान, या तीन खोल्या, मी, हे सगळं सोडून तुला वेगळं आयुष्य हवं होतं का? ती म्हणाली, पुढच्या वर्षी सांगते. आणि पुढच्या वर्षी हे. माझा प्रश्न एवढाच, की बिस्किटं फेकताना ती रागावली होती का? माझ्यावर?"

तीन वर्षं हा माणूस हे उराशी धरून होता. शेजारी झोपणाऱ्या बाईकडे त्याचं औषध होतं आणि तिने ते कपाटात ठेवून दिलं होतं.

"त्यांनी नाही फेकली," धाकटी म्हणाली. "मी फेकली."

त्याने हातातली चकतीही बशीत ठेवली.

"त्या उठल्याच नव्हत्या. त्यांना उठता येत नव्हतं. पडल्या पडल्या सांगत होत्या, मी औषधाच्या तक्त्यामागे लिहून घेत होते. त्यांना दम लागायचा, शब्द तुटायचे. वीस मिनिटं थंड, दहा मिनिटं गरम, असं त्या म्हणाल्या. मी उलटं लिहिलं. दहा मिनिटं गोळा गार केला आणि वीस मिनिटं बिस्किटं ओव्हनमध्ये ठेवली. सगळी जळली. मला लाज वाटली हो. आजारी माणसाने एक गोष्ट मागितली आणि मी ती जाळली. तुम्ही यायच्या आत मी ती डब्यात टाकली. तुम्ही विचारलंत तेव्हा मान खाली गेली ती माझ्या चुकीने. तुम्ही भलतंच समजलात ते मला कळलं, आणि मी गप्प बसले."

"का?"

"कारण त्यांनी बिस्किटांबरोबर उत्तरही दिलं होतं माझ्याजवळ. म्हणाल्या, मला तेव्हा बोलता आलं नाही तर तू त्यांना सांग. आणि ते उत्तर मला तुमच्या हातात द्यायला धजवेना. नंतर तर..." ती अडली. "नंतर तुम्ही मला मागणी घातलीत. मग तर अजिबातच धजवेना."

बाहेर रस्त्यावर फुलवाल्याने दुकानाची फळी आत ओढली. खरखर झाली आणि थांबली.

"काय होतं उत्तर?"

"हो म्हणाल्या."

चष्मेवाल्याने चष्मा काढला. चष्म्याशिवाय त्याचा चेहरा उघड्यावर पडल्यासारखा दिसायचा. त्याने चष्मा पुसला नाही, नुसता धरून बसला.

"पुढे आहे अजून," ती घाईने म्हणाली. "म्हणाल्या, हो म्हणावं. वेगळं आयुष्य हवं होतं. रोज एकदा तरी वाटायचं, दार ओढून घ्यावं आणि निघावं. आणि रोज संध्याकाळी त्यांचा पाय जिन्यावर वाजला, की मी चहाला आधण ठेवायची. माझ्यावर कोणी सक्ती केली नव्हती म्हणावं. मीच ठेवायची."

त्याने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. रडला नाही.  मग म्हणाला, "तीन वर्षं, अगं. तीन वर्षं मी तिच्या फोटोकडे सरळ बघितलं नाही."

"रागावलात माझ्यावर?"

"हो." तो म्हणाला, "आणि लवकर जायचा नाही हा राग. उद्या सकाळी उठेन तेव्हाही असेल."

"असू दे. मी निघून जावं असं वाटतं का तुम्हाला?"

"कुठे निघून जाणार? बस." त्याने हाताने खुणावलं, जरा रागानेच. "बस इथे. पुन्हा सांग. ती जशी म्हणाली तसं, शब्दाला शब्द."

तिने सांगितलं.

"अजून एकदा."

तिला प्रश्न विचारायचा होता तो आता विचारता येणार नव्हता. त्याची नजर तिच्याच चेहऱ्यावर होती, वर्षादीडवर्षात कधी नव्हती इतकी जवळून, आणि त्या नजरेला कोण दिसत होतं हे विचारायची गरज उरली नव्हती. जिला घरातून घालवायला ही सगळी मांडामांड केली, तिलाच तिने आपल्या तोंडाने टेबलाशी आणून बसवलं होतं.

ती तिसऱ्यांदा सांगू लागली. 'हो म्हणावं,' ती म्हणाली, आणि तिला दम लागला. धावली नव्हती, जिना चढली नव्हती. 'वेगळं आयुष्य,' म्हणाली आणि पुन्हा थांबावं लागलं, थोरली थांबली होती नेमकी तिथेच. आवाज तिचाच होता, पण थांबणं तिचं नव्हतं.  उठून दिवा लावावा, खिडकी उघडावी, आत्याला हाक मारावी, असं तिला वाटलं.

पण समोरचा माणूस ओठांकडे कान लावल्यासारखा पुढे झुकला होता. एवढं एक वाक्य पोहोचवायला तिला ठेवलं होतं, आणि तिने तीन वर्षं लावली होती.

धाकटीने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं, आणि मधे दम लागेल तिथे थांबत, दुसऱ्या बाईचं वाक्य शेवटपर्यंत नेलं.